अहो बाईसाहेब

आमच्या मॅडम बाळांना अहो-जाहो करायच्या आणि बाळांच्या बापांना अरे-तुरे. आजोबा असले तरी त्यांची सुटका नव्हती. मोठ्या गाडीतून उतरलेला, गळ्यात जाडजूड साखळी घातलेला गोदामवाला असो, नाहीतर लूम सोडून तसाच बनियनवर पळत आलेला कामगार असो, मॅडमचं ठरलेलं होतं. "चपला बाहेर काढ. हात कोपरापर्यंत धू. मोबाईल वाजला तर बादलीत टाकीन." एवढं झालं की त्या काचेच्या पेटीकडे वळायच्या आणि आवाज एकदम खाली आणायच्या. "काय साहेब, झोप झाली का? लंगोट बदलायचाय आपला. परवानगी आहे?" साहेबांचं वजन एखाद्या लहान पपईएवढं. साहेबांना डोळेसुद्धा धड उघडता यायचे नाहीत.

मी एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, हे उलटं का हो?"

"यांनी अजून कुणाचं काही बिघडवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याबद्दल मला खात्री नाही."

असल्या बाईबरोबर मी बरीच वर्षं काढली. माझ्या डोक्यावरचे निम्मे केस त्यांनीच पांढरे केले. उरलेले काळे राहिले तेही त्यांच्यामुळेच, असं आता वाटतं.

भिवंडीतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आमचं लहान मुलांचं हॉस्पिटल. त्यातली एक खोली दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळांची. मॅडम त्या खोलीच्या डॉक्टर आणि मी सिस्टर. मी कामतघरची. यंत्रमागांच्या, आमच्या भाषेत लूमच्या, खडखडाटात जन्मले आणि त्याच खडखडाटात नर्सिंगचा अभ्यास केला. आमच्याकडे लाईट गेली आणि लूम थांबले की झोपलेली माणसं दचकून उठतात, काय झालं म्हणून. त्यामुळे पहिल्या दिवशी मी स्टीलचा ट्रे टेबलावर ठेवला तो माझ्या मते अगदी हळूच ठेवला होता. मॅडमनी मान वर केली नाही.

"कुठली भिंत पडली?" एवढंच विचारलं.

त्या खोलीत मॅडम मोज्यांवर वावरायच्या. प्रत्येक खणाच्या कडेला त्यांनी जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या स्वतःच्या हातानं चिकटवल्या होत्या. पायानं उघडायची लोखंडी कचऱ्याची बादली त्यांनी स्वतः जिन्यावरून खाली नेऊन भंगारवाल्याला देऊन टाकली, आणि वर त्यालाच दम भरला की ही बादली गल्लीच्या बाहेर गेल्याशिवाय ठोकायची नाही. भंगारवाला बिचारा ती पोटाशी धरून निघाला. मोठ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल सोडून त्या गावी परत आल्या होत्या. त्यांच्या घरात सगळे मास्तर आणि कारकून. कुणी विचारलं, इकडे का आलात, तर म्हणायच्या, "इथली बाळं लवकर येतात. मी का उशीर करू?"

खाली टेम्पोवाल्यांचा अड्डा होता, आणि भिवंडीतला टेम्पोवाला श्वास घेतो तसा हॉर्न मारतो. एके दिवशी मॅडम खाली गेल्या आणि त्यातल्या सगळ्यात दांडग्या ड्रायव्हरची बाही धरून म्हणाल्या, "ऊपर चल."

"मैंने क्या किया, मॅडम?"

"चल, दिखाती हूँ."

त्याला हात धुवायला लावले, गाऊन घातला आणि एका पेटीसमोर उभा केला. पेटीवरच्या पडद्यावर बाळाच्या ठोक्यांचा आकडा चालला होता. दोनच मिनिटांत खालून कुणीतरी हॉर्न दिला. बाळ आतल्या आत दचकलं, आकडा भराभर वर चढला आणि मग जिन्यावरून गडगडल्यासारखा खाली आला. मॅडमनी बाळाच्या तळपायाला बोटानं गुदगुली केली. "विसरलात ना साहेब? घ्या बघू श्वास." आकडा पुन्हा सावरला. ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ये हॉर्न से हुआ?"

"हॉर्न से. अपने दिल में एक्सिलरेटर भी है, ब्रेक भी है. दोनों अपने आप चलते हैं, सोते-जागते. ये लोग जल्दी आ गये. इनका एक्सिलरेटर आ गया है, ब्रेक अभी कच्चा है. लगता है तो एकदम लगता है. नया ड्रायव्हर देखा है ना?"

"रोज देखता हूँ, मॅडम."

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर रंगानं लिहिलेलं होतं: 'हॉर्न मत बजाओ, ऊपर छोटे साहब सो रहे हैं.' कुणी नवखा हॉर्न मारायचाच, मग खालून जी शिवीगाळ ऐकू यायची ती हॉर्नपेक्षा मोठी असायची. मॅडम म्हणायच्या, "असू दे. शिव्यांना एक लय असते."

मॅडमचा आणखी एक हट्ट होता. लंगोट बदलताना बाळाचे पाय उचलायचे नाहीत. आपण सगळ्याच जणी काय करतो, दोन्ही पाय एका हातात धरायचे, वर उचलायचे आणि खालचं फडकं ओढून घ्यायचं. मॅडमच्या खोलीत तो गुन्हा होता. बाळाला हळूच कुशीवर वळवायचं, मग दुसऱ्या कुशीवर. का, ते त्यांनी आम्हाला फळ्यावर शिकवलं नाही. त्या आम्हाला गणेशपुरीला घेऊन गेल्या.

खरंच गेलो. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं मॅडम आणि आम्ही चार सिस्टर. गरम पाण्याच्या कुंडात बायकांच्या बाजूला उतरलो, आणि गळ्याइतक्या पाण्यात बसल्यावर मॅडमनी हुकूम सोडला, "शेजारणीचं मनगट धरा. नाडी मोजा." मोजली. "आता सगळ्या एकदम उभ्या राहा. सोडू नका मनगट!" आम्ही उठलो. माझ्या हातातली नाडी उंदरासारखी पळायला लागली. आमच्यातली एक जण एकदम पांढरीफटक पडली आणि तिनं मॅडमच्या खांद्यावर मान टाकली.

"वा!" मॅडम केवढ्या खूश झाल्या. "हिला बघा, हिला बघा! कुणी धरा गं तिला. उभं राहिलं की रक्त पायाकडे धावतं. मानेतल्या शिरेत एक पहारेकरी बसलेला असतो, त्याला लगेच कळतं की वरचा दाब पडला. तो ओरडतो, मग नसा आवळतात, काळीज पळतं आणि डोक्याला रक्त पोचतं. हे सगळं तुम्हाला न विचारता होतं. आज गरम पाण्यानं पहारेकऱ्याला जरा पेंग आली. आपल्या साहेब लोकांचा तर पहारेकरी अजून ड्युटीवर आलेलाच नाही. कळलं, पाय का उचलायचे नाहीत?"

कळलं. जन्मात विसरणार नाही असं कळलं. कुंडाच्या पायरीवर बसलेली एक म्हातारी मघापासून आमच्याकडं टक लावून बघत होती. तिनं मला हळूच विचारलं, "बाय, ह्यो कंचा वरत हाय गो?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडमच म्हणाल्या, "नाडीव्रत. मोठं पुण्य आहे." म्हातारीनं तिथल्या तिथं सुनेचं मनगट धरलं.

मॅडमच्या खोलीचा एक रिवाज होता, तो इथेच सांगायला हवा. बाळ घरी जायला निघालं की मॅडम त्याला शेवटचं तपासायच्या आणि पहिल्यांदाच अरे-तुरे करायच्या. "चल रे, नीघ आता." किंवा "जा गं, फार राहिलीस." म्हणजे साहेबपण संपलं, आता हे साधं आईबापाचं पोर. गावात ही गोष्ट अशी पसरली होती की घरी सोडणार असं सांगितलं तरी आयांचा विश्वास बसत नसे. मॅडम 'अगं' म्हणाल्या का, ते आधी विचारायच्या.

आता ती पोरगी. आमच्या खोलीत आली तेव्हा तिचं नाव अर्थातच 'बाईसाहेब'. बाप कामतघरचा, आमच्याच मागच्या चाळीतला. लूम दुरुस्त करायचा. आमच्याकडे त्याला जॉबर म्हणतात. माझ्या ओळखीतला सगळ्यात चांगला कान त्या माणसाचा. शेडच्या दारात उभं राहून, डोळे मिटून तो सांगायचा की पलीकडच्या रांगेतला अमुक लूम लंगडतोय. लंगडतोय म्हणजे ठोका एकसारखा पडत नाही, कुठंतरी काहीतरी सुटलंय. पाना घेऊन जायचा, दोन आटे फिरवायचा, परत डोळे मिटायचा. "झाला सेट." सबंध भिवंडी याच विद्येवर जेवते. एकसारखं चाललंय म्हणजे ठीक चाललंय, हे इथलं तान्हं पोरही सांगेल.

त्याच्या बायकोची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी घरी कुणी आलं नव्हतं. ही तिसरी सातव्या महिन्यातच आली. त्याला पडद्याकडे बघवत नसे. मॅडम म्हणाल्या, "तुला डोळे नकोत, तर कानानं बघ." आणि ज्या बाईनं कचऱ्याची बादली हाकलली होती, तिनं त्या एका पेटीवरच्या ठोक्यांचा आवाज अगदी बारीक करून चालू केला, फक्त तो येईल तेवढ्यापुरता. तो रोज दुपारी यायचा, बायको पोरीला उघड्या छातीशी धरून बसलेली असायची, आणि हा शेजारी स्टुलावर डोळे मिटून. पोरीचा ठोका पळायचा, थबकायचा, आई हलली की सरकायचा, कधी गडगडत खाली यायचा. ते ऐकताना त्याचा जीव टांगणीला लागलेला दिसायचा. जाताना रोज मला विचारायचा, "ताई, कधी सेट होईल?"

"होईल की," मी म्हणायची. मॅडम मात्र पडद्यावरच्या, आकड्याच्या चढउताराच्या त्या वेड्यावाकड्या रेघेकडे बघून म्हणायच्या, "छान, छान. नाचताय ना बाईसाहेब?" आम्हाला वाटायचं, लाडानं म्हणतात.

पोरीची आजी वडपे गावची, आईची आई. हायवेला त्यांची जमीन गोदामात गेलेली, घरात सगळं होतं, नातवंड नव्हतं. तिला बाळाला तेल लावून, पाय धरून उलटं धरायचं होतं. त्यानं म्हणे अंग मोकळं होतं.

"मना नको शिकवू," ती मॅडमना म्हणाली. "मी पाच पोरं उलटी धरून न्हानलीत. येक पन मेला न्हाय."

मला वाटलं, आता स्फोट होणार. मॅडमनी रबरी हातमोजा घेतला, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरून तोंड बांधलं आणि आजीच्या मांडीवर आडवा ठेवला. "आजी, हा पंजा म्हणजे डोकं. ही बोटं म्हणजे पाय. आता उचल पाय." आजीनं बोटं वर धरली. सगळं पाणी धावत पंजात गेलं, पंजा टम्म फुगला, रबर पातळ होऊन आतलं पाणी दिसायला लागलं. "तुझी पाच पोरं पुऱ्या दिवसांची. त्यांच्या नसा पाणी अडवत होत्या. हिच्या डोक्यातल्या नसा केसाहून बारीक आहेत, आणि अडवायला अजून कुणी नाही."

आजीनं फुगलेल्या रबरावरून बोट फिरवलं. "आगो माझे बाय," एवढंच म्हणाली आणि बोटं अशी सावकाश खाली ठेवली की जणू नातच होती. त्या दिवसापासून ती बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येक बाईला बजावायची, "पाय उचलायचं न्हाय! कुशीवर! कुशीवर वलवायचं!" नव्या सिस्टरनासुद्धा तिनं सोडलं नाही.

आणि एके दिवशी दुपारी जॉबर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. सकाळपासून तो दोनदा येऊन ऐकून गेला होता. पोरीचा ठोका एकसारखा चालला होता. पळणं नाही, थबकणं नाही, गडगडणं तर नाहीच. ताप नव्हता, रंग बरा होता, आकडा जागचा हलत नव्हता. त्याचा चेहरा सणासारखा फुलला होता.

"सेट झाली, ताई! एकदम सेट. सकाळपासनं एक झटका नाय. नवीन लूम पण असा चालत नाय."

मी पेढा तोंडात टाकला, आजीनं दोन घेतले, खाली टेम्पोवाल्यांकडेही पेढे पोचले. मॅडम बाहेरची तपासणी आटोपून मोज्यांवर आत आल्या. त्यानं वाकून बॉक्स पुढे केला. मॅडमनी पेढा उचलला, तोंडाशी नेला, आणि हात तिथेच थांबला. त्या ऐकत होत्या. मग पडद्याकडे बघितलं. रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. त्यांनी पेढा बॉक्समध्ये परत ठेवला.

"कधीपासून ही अशी?"

"सकाळपासनं," तोच म्हणाला, अभिमानानं.

"रक्त काढा," मॅडम आम्हा सिस्टरना म्हणाल्या. "जंतू बघायला पाठवा, रिपोर्टची वाट बघू नका, औषध लगेच सुरू करा. रक्तदाब सावरायचं औषध भरून तयार ठेवा."

जॉबर पेटीच्या आडवा उभा राहिला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, आवाज चढवणारा माणूस नाही. पण त्याचा आवाज चढला. "कशाला टोचताय तिला? एवढ्या दिवसांनी नीट चाललीय! चालू लूमला कोण पाना लावतं? तुम्हाला बघवत नाय का? मी तिला ठाण्याला नेतो, आत्ताच्या आत्ता." दारातून आजीही म्हणाली, "बाय, आता कुठं निजलीय ती. नको ना."

ठाण्याचा रस्ता मला माहीत होता, त्यातले खड्डे माहीत होते, आणि त्या पोरीचा पहारेकरी अजून ड्युटीवर आला नव्हता हेही. मॅडमना वाटलं असतं तर त्यांनी त्याला कॉलर धरून बाहेर काढला असता. असे पुष्कळ काढले होते. त्या दिवशी त्यांनी त्याचा उजवा हात धरला, त्याची दोन बोटं त्याच्याच डाव्या मनगटावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्यासारखा कान भिवंडीत नाही. डोळे मीट आणि स्वतःचा लूम ऐक."

तो चिडलेलाच होता, पण सवयीनं डोळे मिटले.

"आता हळूहळू श्वास आत घे. भरपूर घे. हं. आता सोड, अगदी सावकाश. पुन्हा घे. काय होतंय?"

खोलीत फक्त पोरीचा तो एकसारखा ठोका. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं परत श्वास घेतला, परत सोडला.

"मॅडम," तो म्हणाला, "आत घेताना पळतोय. सोडताना ढिला पडतोय. माझा लंगडतोय." त्यानं डोळे उघडले. "मी बिघडलोय?"

"नाही रे बाबा. तू धडधाकट आहेस, म्हणून लंगडतोय. श्वास बदलला, मन बदललं, कूस बदलली की काळीज मागंपुढं सरकतं. मेंदूचं आणि काळजाचं सतत बोलणं चालू असतं, हळू घे, पळ, थांब. तुझी मुलगी जन्मल्यापासून ते बोलणं शिकत होती. अडखळत होती, पण बोलत होती. आज सकाळपासून ते बंद पडलंय. ताप येईल तो मागून. आत कुणीतरी घुसलंय."

आई कोपऱ्यातून म्हणाली, "सकाळी छातीशी घेतली तेव्हा ती अंगाला बिलगली नाय. ठेवल्यासारखी पडून होती. मला वाटलं, झोपलीय."

जॉबरनं एकदा बायकोकडे बघितलं आणि बाजूला झाला. "घ्या रक्त," तो म्हणाला.

संध्याकाळ व्हायच्या आत पोरीचा रंग उतरला आणि रक्तदाब पडायला लागला. पण औषध तोवर तिच्या रक्तात फिरत होतं, आणि दाबाच्या औषधाची सुई भरून तयार होती. मॅडम पेटीला कान लावल्यासारख्या वाकून बसल्या होत्या. "बाईसाहेब, हे बरं नाही. अशा गप्प बसू नका. रागवा, भांडा माझ्याशी. अहो, काहीतरी बोला." त्या रात्रीबद्दल मी सांगत नाही, असल्या रात्री सगळ्या सारख्याच असतात. एवढंच सांगते की तिला चार वेळा कोरडी केली आणि चारही वेळा कुशीवर वळवून केली. पुढे रिपोर्ट आला त्यात जंतूच होते. मॅडमनी तो वाचलासुद्धा नाही, माझ्या हातात दिला.

जॉबर आत यायचा बंद झाला. तो सरळ ठोका त्याच्या कानानं ऐकवेना. तो जिन्यात बसून राहायचा, स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून. खालचे टेम्पोवाले चहा आणून द्यायचे तो तसाच निवायचा. मग एका सकाळी मॅडम जिन्यात आल्या, तशाच मोज्यांवर, आणि म्हणाल्या, "ऊठ. हात धू. ऐकायला ये."

तो स्टुलावर बसला. मॅडमनी आवाज चालू केला, बारीक. त्यानं डोळे मिटले. पोरगी पेटीत होती, आई काचेच्या गोल झरोक्यातून हात घालून तिच्या पाठीवर तळवा ठेवून उभी होती. ठोका चालला होता. मग आईनं तळवा जरा सरकवला आणि ठोका पळाला. परत सावकाश झाला. परत पळाला, थबकला, परत सुटला. मी जॉबरच्या चेहऱ्याकडे बघत होते. आयुष्यभर ज्या आवाजानं त्याच्या हातात पाना यायचा, तो आवाज ऐकून त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"लंगडतंय," तो म्हणाला.

"नीट ऐक."

"लंगडतंय, मॅडम! मस्त लंगडतंय! जाम लंगडतंय!" आणि तो उठून दाराकडे धावला आणि बाहेरच्या आजीला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "लंगडली गो आजी, लंगडली!" आजीला काही कळलं नाही. पण त्याचं तोंड बघून तिनं बाकावरच आडवी होऊन देवाला हात जोडले. पेटीतल्या बाईसाहेब या आरड्यानं दचकल्या, त्यांचा आकडा वर गेला, मी तळपायाकडे हात नेणार तोच तो आपला आपण खाली येऊन सावरला. ब्रेक लागला होता, आणि सावकाश लागला होता. त्या खोलीत एवढ्या मोठ्यानं ओरडलेला तो पहिला बाप. मॅडमनी त्याला काही म्हटलं नाही. त्या बॉक्स शोधत होत्या. "त्या दिवशीचा माझा पेढा कुणी खाल्ला?" पेढा मीच खाल्ला होता, त्यामुळे मी पडद्याकडे बघत राहिले.

तेव्हापासून आमच्या खोलीत ड्युटी बदलताना येणारी सिस्टर जाणारीला सगळ्यात आधी एकच विचारते, "नाचतायत का?" ताप, वजन, दूध, सगळं मागून. नव्या मुली पहिल्या दिवशी हसतात, दुसऱ्या दिवशी विचारायला लागतात. मॅडम आता गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत, गणेशपुरीला राहतात आणि गरम कुंडात पाय सोडून बसतात. रोज फोन येतो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "नाचतायत का?" मी म्हणते, "सगळे नाचतायत, मॅडम." मग फोन बंद. परवा सांगत होत्या, कुंडावरच्या बायका अजून एकमेकींची मनगटं धरून बसतात, आणि नाडीव्रताला आता नारळही वाहतात.

त्या पोरीला घरी सोडायचा दिवस मात्र सांगायलाच हवा. सगळे जमले होते. आजी नवं लुगडं नेसून आली होती, खालचा दांडगा ड्रायव्हर टेम्पो धुऊन, त्याला हार घालून उभा होता, कारण या बाईसाहेबांना आपल्याच गाडीतून न्यायचं असा त्याचा हट्ट होता. आईच्या हातात पोरगी. मॅडम आल्या. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. नळी काढली, पोरीच्या नाकाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "काय गं भांडखोरे? चल, नीघ. फार राहिलीस."

आजीनं हंबरडाच फोडला. आई हसत होती आणि रडत होती. जॉबरनं पोरीला उचलून घेतलं, एक हात डोक्याखाली, एक कमरेखाली, पाय जराही वर जाऊ न देता, मला शिकवता आलं नसतं इतकं नीट. तो जिन्याकडे वळला तेव्हा मॅडम मागून म्हणाल्या,

"अहो, सावकाश उतरा. जिना जुना आहे."

त्यानं पुढं जिन्यात वाकून बघितलं, मॅडम कुणाला म्हणतायत ते बघायला. जिन्यात दुसरं कुणीच नव्हतं.